चुंबकी बर्फाचं कूळ

चुंबकी बर्फाच्या कुळाचा मूळपुरुष म्हणजे पाण्याचा बर्फ. तो निरपेक्ष शून्याच्या जवळ नेला तरी त्यातली थोडी एन्ट्रॉपी, म्हणजे मांडणीतली अनिश्चितता, शिल्लकच राहते, असं १९३०च्या दशकात विल्यम जिओक यांच्या मोजमापांतून दिसलं. १९३५ साली लायनस पाउलिंग यांनी कारण सांगितलं. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार हायड्रोजन असतात, दोन जवळ आणि दोन लांब. पण जवळचे दोन कोणते, हे ठरलेलं नसतं. नियम न मोडता असंख्य मांडण्या जमतात, आणि त्यांतली एकच निवडायला बर्फापाशी कारण नाही.

साठेक वर्षांनी हाच नियम चुंबकांत सापडला. १९९७ मध्ये होल्मियम टायटनेटच्या स्फटिकात दिसलं की, चौफलकाच्या चार कोपऱ्यांवरच्या अणुचुंबकांपैकी दोन आत रोखलेले असतात, दोन बाहेर; हाच चुंबकी बर्फ. १९९९ मध्ये डिस्प्रोशियम टायटनेटची उरलेली एन्ट्रॉपी मोजली गेली आणि ती पाउलिंग यांनी बर्फासाठी काढलेल्या आकड्याशी जुळली. त्या शोधनिबंधात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले राहुल सिद्धार्थन आणि श्रीराम शास्त्रीही होते.

पण स्फटिकाच्या पोटातला एकेक अणुचुंबक कोणत्या दिशेला आहे, हे पाहणार कसं? पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या पीटर शिफर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दिसतील एवढे चुंबक स्वतःच घडवले. निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची लांबट बेटं, २२० नॅनोमीटर लांब, ८० रुंद आणि २५ जाड, त्यांनी चौरस जाळीवर मांडली. खोलीतल्या उष्णतेने ही बेटं उलटत नाहीत. म्हणून नमुना गरगर फिरवत बाहेरचं चुंबकी क्षेत्र पायरीपायरीने उतरवलं, आणि मग चुंबकी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक बेट वाचलं. बेटं दाटीने मांडलेल्या जाळीत चार बेटं जिथे भेटतात अशा सत्तर टक्क्यांहून जास्त नाक्यांवर ‘दोन आत, दोन बाहेर’ हा नियम पाळलेला होता. नुसत्या योगायोगाने हे प्रमाण ३७.५ टक्के आलं असतं.

तरीही हा खरा बर्फ नव्हता. सपाट जाळीत काटकोनातली बेटं एकमेकांना जवळ पडतात, समोरासमोरची लांब. त्यामुळे नियमात बसणाऱ्या सहा रचनांपैकी दोन ऊर्जेच्या हिशोबात स्वस्त ठरतात, आणि खरं तर त्या दोनच आलटूनपालटून साऱ्या जाळीभर पसरायला हव्यात. कितीही फिरवलं तरी तसं होईना. ती शिस्त २०११ मध्ये लीड्स विद्यापीठातल्या गटाला दिसली, तीही बाहेरचं क्षेत्र न लावलेल्या, नुकत्याच घडवलेल्या नमुन्यात. धातूचा थर चढत असताना बेटं सुरुवातीला इतकी पातळ असतात की साधी उष्णता त्यांना उलटवू शकते. तेवढ्या अवधीत शेजारी एकमेकांशी जुळवून घेतात; थर जाड झाला की तीच मांडणी गोठते. या साऱ्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे चुंबकांना आपसांत ठरवायला मोकळीक मिळाली.

बर्फाची मूळ अनिश्चितता मात्र २०१६ मध्ये ग्रेनोबलला परत मिळाली. तिथल्या संशोधकांनी एका दिशेची बेटं थोडी उंच बसवली, तेव्हा सहाही रचनांची किंमत सारखी झाली.