तत्त्वज्ञान, धर्म-अभ्यासाचे विद्यार्थी प्रत्यक्ष काम कुठे शिकतील?

"फिलॉसॉफी घेऊन पोरगी करणार काय?" असा सवाल आम्हा शिक्षकांना पालक नेहमी करतात. सवाल रास्त आहे. नुसत्या नोट्स पाठ करून या विषयात हाताला काही लागत नाही. पण आता अभ्यासक्रमातच प्रत्यक्ष कामाची सोय झाली आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 नुसार महाराष्ट्रात एम.ए.च्या पहिल्या वर्षी 4 क्रेडिटचे ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट असते, म्हणजे साधारण 120 तास. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो. हे तास कुठे घालवायचे, ते आधीच ठरवा.

हस्तलिखिते : पुण्याच्या भांडारकर संस्थेची स्थापना 1917 ची. महाभारताच्या शेकडो पोथ्या ताडून तिने चिकित्सक आवृत्ती तयार केली. ते काम 1966 मध्ये पूर्ण झाले. अरबी-फारसी हस्तलिखितांसाठी पाटण्याची खुदाबख्श लायब्ररी मशहूर आहे. ती 1891 मध्ये लोकांसाठी खुली झाली. अशा ठिकाणी पाने मोजणे, कातिबाचे नाव शोधणे, हिजरी सनाचे इसवी सन काढणे, यादी करणे ही कामे शिकता येतात. उर्दू वाचणाऱ्या मुलांना लिपी आधीच येते. फारसी भाषा मात्र वेगळी शिकावी लागेल. लिपी वाचणारे घरात उरले नाहीत की वडिलांच्या किताबा वाळवीला जातात, हे आपण पाहतोच.

क्षेत्रभेट : खुलताबादला बुऱ्हानुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराजी यांचे दर्गे आहेत. जवळच वेरूळला बौद्ध, हिंदू आणि जैन अशी 34 लेणी आहेत. तिथे कोण येतो, काय मागतो, काय करतो हे परवानगी घेऊन, अदबीने विचारून लिहायचे. प्रथा बरोबर की चूक हा फतवा देणे विद्यार्थ्याचे काम नाही. दुसऱ्याचा धर्म समजून घेतल्याने ईमान कमजोर होईल, अशी भीती बाळगू नये. जे दिसले ते खरे लिहिणे ही अमानत आहे.

वैद्यकीय नीती : आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत संशोधनाच्या नीती समितीवर समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्म-अभ्यासक यांपैकी एकाला जागा आहे. विद्यार्थी लगेच सदस्य होणार नाही. पण रुग्णाला संमतिपत्र सोप्या मराठी-उर्दूत समजते का, यावर चांगला प्रकल्प होऊ शकतो.

सुरू करण्यापूर्वी विभागाचे पत्र घ्या. काम, वेळ आणि देखरेख करणारी व्यक्ती लेखी ठरवून घ्या. रोजची डायरी ठेवा आणि शेवटी तासांचा दाखला मागा. मुलीला बाहेरगावी जायचे असेल तर राहण्याची सोय आधी पाहा, पण तेवढ्यासाठी तिची संधी घालवू नका.