म्युनिक १९५८ : दोनदा थांबलेलं विमान आणि एका कॅप्टनची अकरा वर्षं

आज लढाईची गोष्ट नाही. आज एका विमान अपघाताबद्दल बोलायचंय आणि त्याहून जास्त त्याच्या चौकशीबद्दल. फुटबॉल पाहणाऱ्यांना हा अपघात माहीत असतो, पण पुढचं प्रकरण फार थोड्यांना ठाऊक आहे.

६ फेब्रुवारी १९५८. इंग्लंडचा मँचेस्टर युनायटेड संघ बेलग्रेडहून परत निघाला होता. आदल्या दिवशी रेड स्टार संघाशी ३-३ अशी बरोबरी साधून त्यांनी युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत प्रवेश केला होता. विमान होतं ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं, एअरस्पीड अँबॅसेडर जातीचं. पंख्याची दोन इंजिनं असलेलं छोटं प्रवासी विमान. आत एकूण ४४ माणसं. इंधन भरायला ते जर्मनीत म्युनिकच्या रीम विमानतळावर उतरलं. बाहेर बर्फ पडत होता.

विमानाचे कमांडर होते कॅप्टन जेम्स थेन. त्या फेरीत विमान चालवत होते त्यांचे सहकारी, कॅप्टन केनेथ रेमेंट.

पहिल्यांदा विमान धावलं आणि डाव्या इंजिनाचा आवाज बदलला. दाबाचा काटा वरखाली होऊ लागला. याला ‘बूस्ट सर्जिंग’ म्हणतात. इंजिनाला मिळणारं इंधन-हवेचं मिश्रण जास्त दाट झालं की ताकद एकसारखी राहत नाही. समुद्रसपाटीपासून उंच असलेल्या विमानतळांवर या इंजिनांना हा त्रास व्हायचा. रेमेंट यांनी विमान थांबवलं. काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच झालं आणि पुन्हा थांबवलं. प्रवासी उतरून इमारतीत गेले.

इथवर सगळं शिस्तीत झालं होतं. उड्डाण करताना एक निर्णयाचा वेग ठरलेला असतो. त्याच्या आत काही बिघडलं तर थांबायचं. तो ओलांडला की थांबायला धावपट्टी पुरत नाही, मग उडायचंच. दोन्ही वेळा वैमानिकांनी नियमाप्रमाणे वेळेत माघार घेतली.

मग अभियंत्याशी चर्चा झाली. रात्रभर थांबून इंजिनं जुळवून घेणं हा एक मार्ग होता. दुसरा मार्ग असा की थ्रॉटल सावकाश पुढे न्यायचा. त्याने सर्जिंग कमी होतं, मात्र विमानाला वेग घ्यायला जास्त लांब धावावं लागतं. धावपट्टी तेवढी लांब आहे, म्हणून हा मार्ग ठरला. शनिवारी संघाचा इंग्लंडमध्ये सामनाही होता.

दुपारी तीनच्या सुमारास तिसरा प्रयत्न झाला. इंजिन पुन्हा थोडं डगमगलं, थेन यांनी थ्रॉटल जरा मागे घेऊन सावरलं. वेग ११७ नॉटवर, म्हणजे ताशी सुमारे २१७ किलोमीटरवर गेला. हाच निर्णयाचा वेग. जमीन सोडायला ११९ नॉट हवे होते, फक्त दोन जास्त. आणि वेग वाढायच्या ऐवजी उतरू लागला. आधी ११२, मग १०५. आता थांबणंही शक्य नव्हतं. विमान कुंपण तोडून पुढे गेलं आणि एका घरावर आदळलं. २३ जण गेले. त्यात आठ खेळाडू होते. २१ वर्षांचा डंकन एडवर्ड्स दोन आठवडे झुंजून गेला. रेमेंटही पुढे इस्पितळात वारले. थेन वाचले.

त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष इंजिनावर होतं. घात केला धावपट्टीने. तिच्या शेवटच्या भागात अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल साचला होता. इतर विमानांची चाकं तिथवर फारशी जात नव्हती, म्हणून तो तसाच राहिला होता. चाकं त्यात रुतली आणि वेग गेला. असा पातळ थर विमानाला किती मागे खेचतो, याची पुरेशी जाण तेव्हा वैमानिकांनाही नव्हती.

जर्मन चौकशीने मात्र ठरवलं की पंखांवर बर्फ होता आणि तो न काढता उड्डाण केलं. म्हणजे दोष कॅप्टनचा. पंख तपासले गेले ते अपघातानंतर काही तासांनी, आणि मधल्या काळात बर्फ पडतच होता. घटनास्थळी लवकर पोचलेल्यांत एक जण स्वतः वैमानिक होता. पंखांवर बर्फ जमलेला दिसला नाही, हे त्याचं म्हणणं त्या चौकशीत विचारात घेतलं गेलं नाही. थेन यांची नोकरी गेली. पुढे ते कोंबड्या पाळून राहिले, पण कागदपत्रं, आकडे आणि साक्षी गोळा करत राहिले. मधल्या काळात ब्रिटनमध्ये विमानं प्रत्यक्ष चिखलबर्फातून पळवून चाचण्या झाल्या. १९६५ मध्ये जर्मनीत प्रकरण पुन्हा उघडलं, तरी निष्कर्ष बदलला नाही. अखेर १९६९ मध्ये ब्रिटिश आयोगाने सांगितलं की कारण धावपट्टीवरचा चिखलबर्फ होता, कॅप्टन थेन दोषी नाहीत. आदल्या वर्षीच मँचेस्टर युनायटेडने युरोपियन कप जिंकला होता. थेन यांना नोकरी परत मिळाली नाही. १९७५ मध्ये, ५३ व्या वर्षी ते वारले.

फौजेत आम्हाला कोर्ट ऑफ इन्क्वायरी नवी नाही. अशा टेबलाभोवती बसलं की पहिला प्रश्न ओठांवर येतो, कमांडर कोण होता? जबाबदारी कमांडरची, हे मला मान्य आहे. तिसऱ्यांदा निघायचा निर्णयही त्यांचाच होता, त्यावर वाद घालता येईल. पण आधी विचारायला हवं की नेमकं झालं काय. हा क्रम उलटा झाला तर एका माणसाची आयुष्यभराची अब्रू जातीच, शिवाय खरं कारण तसंच राहतं आणि पुढच्या विमानाची वाट बघत बसतं. आज धावपट्टीवरच्या बर्फाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून वैमानिकाला कळवतात. त्यामागे म्युनिकसारख्या अपघातांचे धडे आहेत.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी तुमचं विमान धावता धावता थांबलं आणि परत फिरलं, तर वैतागू नका. कुणीतरी वेळेत योग्य निर्णय घेतलाय. आणि अपघाताची बातमी आली की चोवीस तासांत दोषी ठरवणाऱ्यांपासून जरा लांब राहा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.