कारखाने एकाच दिवशी का थांबतात? सक्तीच्या सुट्टीचा इतिहास

१/ ऑगस्ट महिन्यात फॉर्म्युला वनच्या शर्यती काही आठवडे होत नाहीत. प्रेक्षकांना ती केवळ उन्हाळी सुट्टी वाटते. नियमपुस्तकात मात्र ती सक्ती आहे. एफआयएच्या नियमानुसार प्रत्येक संघाला आणि इंजिन बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला जुलै-ऑगस्टच्या काळात सलग १४ दिवस कारखाना बंद ठेवावा लागतो. त्या काळात गाडीची रचना, सुधारणा, सुट्या भागांचे उत्पादन, यांपैकी काहीही करता येत नाही.

२/ सुट्टीसाठी सक्ती कशाला? कारण सोपे आहे. एखाद्या संघाने आपल्या माणसांना एकट्यानेच विश्रांती दिली, तर प्रतिस्पर्धी त्याच दिवसांत पुढे निघून जातो. त्या भीतीने कोणीच थांबत नाही. सर्वांनी एकाच नियमाने थांबायचे ठरले, तर कोणाचेच नुकसान होत नाही. २०२० साली महामारीमुळे हीच सुट्टी वसंत ऋतूत आणली गेली आणि संघांसाठी ती वाढत वाढत ६३ दिवसांवर गेली.

३/ हा पेच मोटारींच्या शर्यतीने प्रथम निर्माण केलेला नाही. त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी मुंबईच्या कापडगिरण्यांत तो उभा राहिला होता. तो सोडवण्यासाठी झटलेला माणूस पुण्यात उगम पावलेल्या सत्यशोधक चळवळीतला होता. त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

४/ २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यातच ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र सुरू केले. पुढे ते आर्थिक अडचणीत आले. १८८० मध्ये लोखंड्यांनी त्याची धुरा हाती घेतली आणि ते मुंबईहून निघू लागले. लोखंड्यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे. त्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती. तिथले हाल त्यांना ऐकून कळलेले नव्हते.

५/ त्या काळी गिरणीचा दिवस सूर्यावर चाले. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, म्हणजे उन्हाळ्यात तास आणखी वाढणार. सणावारी काही सुट्ट्या मिळत, पण आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. रविवारी माग थांबला तरी यंत्रांच्या साफसफाईसाठी कामगारांना बोलावले जाई आणि त्यात अर्धा दिवस सहज जाई.

६/ १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला कारखाने कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामास मनाई केली. सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा आणि महिन्याला चार सुट्ट्या ठरवून दिल्या. प्रौढ स्त्री-पुरुषांबद्दल त्यात अवाक्षर नव्हते.

७/ या कायद्यामागे निव्वळ दयाबुद्धी नव्हती. मुंबईचे स्वस्त सूत लँकशायरच्या गिरणीमालकांना डोईजड होत होते. येथील गिरण्यांवर बंधने यावीत, असा त्यांचा लकडा होता. म्हणूनच राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रांना अशा कायद्यांत कावा दिसला. पुण्याहून निघणारे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनीही अशा कायद्यांना विरोध केला. नवजात देशी उद्योग वाचला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

८/ येथे एका शहराचे दोन विचार समोरासमोर येतात. एका बाजूला देशी उद्योगाची चिंता, दुसऱ्या बाजूला त्या उद्योगात राबणाऱ्या माणसाची. लँकशायरचा स्वार्थ खरा होता, तसा गिरणीतला थकवाही खरा होता. परक्याच्या स्वार्थाकडे बोट दाखवून घरच्या माणसाची मागणी खोटी ठरत नाही, हे ‘दीनबंधु’च्या बाजूचे म्हणणे होते.

९/ १८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखाने आयोग नेमला. त्याच सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या अशा: दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, कामावर इजा झाल्यास भरपाई.

१०/ लोखंडे ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’च्या नावाने कामगारांची बाजू मांडत. हिंदुस्थानातील कामगार संघटनांचा इतिहास बहुधा येथून सांगितला जातो. आजच्या अर्थाने मात्र ती युनियन नव्हती. तिला नोंदलेले सभासद नव्हते, निधी नव्हता, लिखित नियमही नव्हते. तिचे बळ सभांना जमणाऱ्या गर्दीत होते.

११/ ते बळ २४ एप्रिल १८९० रोजी दिसले. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. मागणी तीच होती, आठवड्यातून एक दिवस सुट्टी.

१२/ आता मूळ पेच पुन्हा पाहू. एखादा दयाळू मालक एकट्यानेच गिरणी बंद ठेवू शकत होता का? शेजारची गिरणी त्या दिवशीही सूत काढून बाजारात नेणार होती. म्हणून निर्णय एकेका गिरणीच्या दारात होणे कठीण होते. तो झाला गिरणीमालकांच्या संघाकडून. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली.

१३/ तरीही मालकांचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. मुंबईच्या संघाचा शब्द दुसऱ्या शहरातल्या गिरणीला बांधून ठेवू शकत नव्हता. १८९० मध्येच हिंदुस्थान सरकारने नवा आयोग नेमला आणि त्याच्या कामात लोखंड्यांनाही सहभागी करून घेतले. १८९१ चा कायदा १ जानेवारी १८९२ पासून लागू झाला. त्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा विसावा देशभरासाठी बांधून दिला, तर स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली.

१४/ या विजयाला मर्यादा होत्या. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर बंधन आले नाही. सुट्टीच्या दिवसाचा पगार देण्याची तरतूदही नव्हती. भरपगारी वार्षिक रजेसाठी १९४५ ची दुरुस्ती व्हावी लागली. १८९७ च्या प्लेगात लोखंडे वारले, तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.

१५/ स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने रविवार हाच सुट्टीचा दिवस धरला; मात्र त्याच्या मागच्या किंवा पुढच्या तीन दिवसांपैकी एखादा दिवस बदली देण्याची मुभा ठेवली. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात या मुभेचे रूप रोज दिसते. भोसरी, पिंपरी-चिंचवडच्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेच्या मागणीचा भार आठवडाभर विभागला जावा, म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना वेगवेगळे वार दिले गेले. पुण्याच्या वाट्याला गुरुवार आला.

१६/ वार बदलला, तत्त्व तेच राहिले. रेसकोर्सवर जमलेल्या गिरणी कामगारांची मागणी आणि शर्यतीच्या संघांवरील नियम यांत पैशाचे, प्रतिष्ठेचे अंतर प्रचंड आहे. तर्क मात्र एकच आहे: जिथे चढाओढ आहे, तिथे विश्रांती एकेकट्याच्या मर्जीवर टिकत नाही. ती सर्वांना सारखी बांधील असावी लागते. पुढच्या गुरुवारी भोसरीतला एखादा रस्ता शांत दिसला, तर त्या शांततेमागे साडेपाच हजार सह्या आहेत, हे लक्षात असावे.

(समाप्त)