मोडी, बालबोध आणि वेबपाने: जुने लेखन कोण वाचणार?

१/ कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर संस्थानचे दफ्तर जतन केलेले आहे. त्याचा फार मोठा भाग मोडी लिपीत आहे. भाषा मराठीच, तरीही आपल्यापैकी बहुतेकांना ते कागद वाचता येत नाहीत. लेखनाचे प्रमाण बदलताना जुन्या लेखनाची वाट राखली नाही, तर काय होते ते येथे दिसते.

२/ मोडी ही वेगाची लिपी. आधी शिरोरेषा ओढायची, मग शक्यतो हात न उचलता लिहीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत अंतर नाही. बालबोध म्हणजे देवनागरी मात्र काटेकोर. बंगालमधील श्रीरामपूरला मोडीचे खिळे पाडले गेले, विल्यम कॅरीचा १८१० चा मराठी कोश त्यांनीच छापला. तरीही छपाईला बालबोधच सोयीची ठरली. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळा-कचेऱ्यांतून गेली.

३/ त्याच शतकाच्या अखेरीस वेबपानांपुढे असाच पेच उभा राहिला. मथळा कोठे, परिच्छेद कोठे, हे ब्राउझरला खुणांनी सांगण्याची पद्धत म्हणजे एचटीएमएल. तिची ४.०१ ही आवृत्ती डिसेंबर १९९९ मध्ये आली. वापरात ती मोडीसारखी सैल: एखादी खूण बंद करायची राहिली, तरी ब्राउझर सांभाळून घेई.

४/ जानेवारी २००० मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एक्सएचटीएमएल १.० प्रसिद्ध केले. त्याची शिस्त बालबोधीची: प्रत्येक खूण बंद हवी. ब्राउझरने ते खऱ्या अर्थाने काटेकोर वाचले, तर एका चुकीपायी पानाऐवजी त्रुटीचा संदेश दिसे. प्रत्यक्षात बहुतेकांनी अशी पाने साध्या एचटीएमएलच्या नावानेच पाठवली. इंटरनेट एक्सप्लोररला तर २०११ च्या नवव्या आवृत्तीपर्यंत त्यांचे खरे रूप उमगतच नव्हते.

५/ पुढे एक्सएचटीएमएल २ चा घाट घातला गेला. जुन्या पानांशी सुसंगत राहण्याचे बंधन त्याने मानले नाही. जून २००४ मध्ये मोझिला आणि ऑपेरा यांनी जुन्याला धरून पुढे जाण्याचा प्रस्ताव मांडला. तो ८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला गेला. काही दिवसांतच या दोघांनी ॲपलच्या मंडळींसह स्वतंत्र गट स्थापला.

६/ लिहिलेली पाने मोडता कामा नयेत, हे त्या गटाचे सूत्र. चुका कशा सावरायच्या, याचेही नियम त्यांनी लिहून काढले. २००९ मध्ये एक्सएचटीएमएल २ चे काम आवरते घेण्याचे ठरले. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी एचटीएमएल५ अधिकृत झाले. म्हणूनच नव्वदच्या दशकातील साधी पानेही आज सहसा उघडतात.

७/ लिपी माणसाला शिकावी लागते. ब्राउझरसारखी ती आपोआप जुने वाचून दाखवत नाही. बालबोध निवडण्यात चूक नव्हती. एका लिपीमुळे शिक्षण आणि छपाई दोन्ही सुकर झाली. उणीव राहिली ती मोडी वाचणारे पुरेसे लोक तयार ठेवण्यात.

८/ योगायोग असा, की एचटीएमएल५ अधिकृत झाले त्याच २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले. आता मोडी अक्षरे वेबपानावर उमटू शकतात. दफ्तरातील कागद मात्र वाचकाची वाट पाहत आहेत. इतिहासाची आवड असेल, तर मोडीची मुळाक्षरे आजच गिरवायला घ्या.