रीव्हेरा, जान्नी
रीव्हेरा, जान्नी : (१८ ऑगस्ट १९४३– ). विख्यात इटालियन फुटबॉलपटू. जन्म आलेस्सांद्रिया येथे. वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच १९५९ मध्ये त्याने तेथील संघातर्फे इटलीच्या प्रथम श्रेणी साखळी स्पर्धेत पदार्पण केले. १९६० ते १९७९ या काळात तो मिलान संघाच्या मधल्या फळीत खेळला. या संघाने १९६२, १९६८ व १९७९ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद, तर १९६३ व १९६९ मध्ये यूरोपीय चषक जिंकला. अचूक व अनपेक्षित पास हे त्याच्या खेळाचे वैशिष्ट्य. तथापि बचावात तो कमी पडतो, असा आक्षेप घेतला जाई. १९६९ मध्ये यूरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळूनही १९७० च्या विश्वचषक स्पर्धेत बाद फेरीपासून पूर्वार्धात मात्सोला व उत्तरार्धात रीव्हेरा, अशी विभागणी प्रशिक्षक व्हाल्कारेज्जी याने केली. पश्चिम जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात अतिरिक्त वेळेत म्यूलरने साधलेला बरोबरीचा गोल रीव्हेराच्या शेजारूनच गेला. पुढच्याच मिनिटाला रीव्हेराने निर्णायक गोल करून इटलीला ४–३ असा विजय मिळवून दिला. ब्राझीलविरुद्धच्या अंतिम सामन्यात मात्र त्याला अखेरची सहा मिनिटेच मिळाली. इटली १–४ ने पराभूत झाली. हा निर्णय इटलीत दीर्घकाळ वादग्रस्त ठरला. निवृत्तीनंतर १९८७ मध्ये तो संसदेवर निवडून आला.