अंगणातलं जुनं कृत्रिम गवत: दुरुस्त करायचं की बदलायचं?

बारामती आणि इंदापूरच्या उन्हात अंगणातलं कृत्रिम गवत लवकर जुनं होतं. हे गवत म्हणजे पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे तंतू. उन्हातल्या यूव्ही किरणांमुळे प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. मग रंग उडतो आणि पाती ठिसूळ होतात.

म्हणून आधी पाती चिमटीत धरून चोळून बघा. भुगा झाला तर दुरुस्तीवर पैसे घालवू नका, गवत बदला. नाहीतर तो प्लास्टिकचा भुगा मातीत मिसळत राहतो.

पाती नुसती आडवी पडली असतील तर कडक केसांच्या ब्रशने उलट्या दिशेने उभी करा. सांधा उकलला असेल तर कडा स्वच्छ, कोरड्या करून खालून जोडपट्टी आणि टर्फचा गोंद लावा. ठिगळाच्या पात्यांचा कल बाकीच्या गवतासारखाच ठेवा, नाहीतर तुकडा वेगळा दिसतो.

गवत खालीवर झालंय? मग खालची जमीन तपासा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. गवत गुंडाळून खडी आणि कच टाका, नीट दाबून घ्या. हे केलं नाही, तर जोडलेला सांधा पुन्हा उकलेल.