पाण्याची ऊब आणि माशाची पसंती



वैशाखात भोई मंडळी जाळे घेऊन निघतात ती उथळ पाण्यात वेळ दवडीत नाहीत. थेट डोह गाठतात. कारण विचारावे तर ‘मासा गारव्याला बसतो’ एवढेच उत्तर मिळते. न्हावऱ्याच्या एका अंगाला घोड आणि दुसऱ्या अंगाला भीमा, त्यामुळे हे उत्तर येथे कोणाला नवे नाही. परंतु मासा नेमका किती अंशांच्या गारव्याला बसतो, आणि ते त्याला कसे विचारावे, हा प्रश्न विज्ञानाने अलीकडेच नीट हाती घेतला. त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. मी शाळा लवकर सोडलेला माणूस आहे. जे काही वाचले ते कामगारांच्या मागण्यांचे कागद लिहिता लिहिता. तेव्हा हा विषय माझ्या हाती कसा आला, ते शेवटी सांगेन.

प्रथम माशाची अडचण पाहू. माणूस थंडीतापात आपल्या अंगाची उष्णता सारखी राखतो. माशाला, काही थोड्या जाती सोडल्या तर, ते साधत नाही. पाणी जितके ऊन तितकेच त्याचे अंग ऊन. पाणी तापले की त्याच्या शरीराचा खर्च वाढतो, प्राणवायू जास्त लागतो. आणि नेमका त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो. 20 अंश सेंटिग्रेडच्या गोड्या पाण्यात एका लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात. मागणी वाढावी आणि पुरवठा घटावा, असा हा व्यवहार आहे.  म्हणून माशाच्या हाती एकच उपाय उरतो: जागा बदलणे.

ही जागा बदलण्याची क्रिया मोजण्याची युक्ती सोपी आहे. एक लांब हौद घ्यावा, एका टोकाला पाणी ऊन आणि दुसऱ्या टोकाला गार ठेवावे, आणि मासे कोठे गोळा होतात ते पाहावे. कॅनडातील टोरांटोचे प्राध्यापक एफ. ई. जे. फ्राय यांनी 1947 साली ह्या पाहणीला सिद्धांताचे रूप दिले. त्यांनी दाखविले की, माशाची तात्पुरती पसंती तो पूर्वी कसल्या पाण्यात राहिला त्यावर अवलंबून असते. परंतु पुरेसा वेळ दिला तर पूर्वीचा अनुभव कसलाही असो, एका जातीचे मासे शेवटी एकाच उष्णतामानाभोवती येऊन थांबतात. ह्याला त्यांनी अंतिम पसंती मानले.

त्याच देशात जे. आर. ब्रेट यांनी 1952 साली पॅसिफिक सामन माशांच्या पाच जातींच्या पिल्लांवर केलेले काम प्रसिद्ध झाले. निरनिराळ्या उष्णतेच्या पाण्यात सवय लावलेली ही पिल्ले बहुतांशी 12 ते 14 अंशांचे पाणी निवडीत. सवयीने त्यांची सहनशक्ती वाढे; पण कितीही सवय लावली तरी 25 अंशांच्या थोडे पुढे एकाही जातीचा निभाव लागत नसे. सहन करण्याची मर्यादा एक आणि आवडीची जागा दुसरी, ह्या दोहोंत सुमारे अकरा ते तेरा अंशांचे अंतर निघाले.

पुढे माशालाच यंत्राची कळ देण्यात आली. 1961 मध्ये रोझिन आणि मेयर यांनी तापत्या टाकीतील सोनमाशाला कळ दाबून गार पाणी घेण्यास शिकविले. 1972 मध्ये नील, मॅग्नसन आणि चिपमन यांनी दोन कप्प्यांची टाकी प्रसिद्ध केली. मासा ऊन कप्प्यात गेला की पाणी तापत जाई, गार कप्प्यात आला की निवत जाई. म्हणजे आपली हवा आपणच ठरविण्याचा अधिकार माशाला मिळाला!

आता आपल्याकडे या. 10 जुलै 1957 रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचे टोचण देऊन आपल्या कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि नदीतून बीज गोळा करीत बसण्याची गरज सरू लागली. मत्स्यबीज विकत मिळू लागले, तशी बोटुकली जगविण्याची विद्या महत्त्वाची झाली. 1961 साली मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था निघाली. तेथील टी. दास, ए. के. पाल आणि सहकाऱ्यांचे काम 2004 साली प्रसिद्ध झाले. त्यांनी रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली 26, 31, 33 आणि 36 अंशांच्या पाण्यात तीस तीस दिवस ठेवली. मग पाणी हळूहळू तापवून मासा तोल कोठे गमावतो ते पाहिले, आणि तो प्राणवायू किती खातो तेही मोजले. येथे हौदातली निवड नव्हती. शरीराच्या खर्चाचा वाढता हिशोब कोठे मोडतो, त्यावरून पसंती काढली. ती तिन्ही जातींत 31 ते 33 अंशांच्या दरम्यान निघाली. ज्या उन्हाळी पाण्यात सामनचे पिल्लू मरेल, त्यात आपला रोहू सुखाने वाढतो. म्हणून परक्या देशाचे आकडे आपल्या शेततळ्याला लावून चालत नाही. बीजाची पिशवी आणल्याबरोबर तळ्यात उपडी करू नये, ती काही वेळ पाण्यावर तरंगत ठेवावी, हा जाणत्यांचा सल्लाही ह्याच ज्ञानाचा भाग आहे.

आता माझा संबंध. एका कारखान्यात उकळत्या रसाच्या कढयांपाशी काम करणाऱ्यांसाठी आम्ही पंखे आणि विसाव्याची पाळी मागितली. साहेब म्हणाले, ‘अहो, त्यांना सवय आहे. कोणी पडला आहे का?’ मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. नंतर ह्या माशांविषयी वाचले तेव्हा सुचले. कोणी पडला का, हा तोल जाण्याच्या टोकाचा प्रश्न आहे. त्यावरून राहण्याजोगी जागा ठरत नाही. सवयीने ते टोक थोडे पुढे सरकते, एवढेच. 1948 च्या कारखाने कायद्यानेही, तेराव्या कलमात, कामगाराला वाजवी आराम मिळेल आणि प्रकृतीला अपाय होणार नाही असे उष्णतामान मागितले होते. तो किती सोसू शकतो, ह्यावर कायदा थांबला नव्हता.

पुढच्या बैठकीत मी माशांची ही हकीकत सांगितली. साहेब हसले, पण विसाव्याची पाळी मिळाली. पंखे अजून यावयाचे आहेत. मासा बोलत नाही, तरी त्याला विचारण्याची रीत माणसाने शोधून काढली. बोलणाऱ्या माणसाला विचारणे त्याहून कितीतरी सोपे आहे; तेवढे तरी आपण करीत जावे, इतके सांगून मी आपली रजा घेतो.